वर्कल्याचा कडा : त्याची धूप, दुरुस्ती व पाऊलवाट

तिरुवनंतपुरमच्या उत्तरेस सुमारें ४० किलोमीटरांवर समुद्रकाठीं वर्कला नांवाचें क्षेत्र आहे. केरळाचा किनारा बहुतेक सपाट; पुढें वाळूचा पट्टा, त्यामागें खाडी, तिच्या कांठीं माड. वर्कल्यास मात्र भूमि एकाएकीं उभी तुटून समुद्रास भिडली आहे. हा तांबडा कडा सुमारें ७ किलोमीटर लांब असून कोठें १०, तर कोठें ३० मीटरांच्या जवळपास उंच आहे. त्याच्या माथ्यावरून एक पाऊलवाट जाते. पायथ्याशीं पापनाशम् नांवाची पुळण आहे. कडा ढासळत आहे, आणि त्यामुळें माथ्याची वाट व पायथ्याची पुळण ह्या दोहोंसही धोका उत्पन्न झाला आहे. जुनीं कागदपत्रें जमविणाऱ्या मंडळींपुढें हा विषय कां मांडावा, अशी शंका वाचकांस येईल. तूर्त इतकेंच सांगतों कीं, हा कडा हाही एक लेख आहे, त्याची एकच प्रत उपलब्ध आहे, आणि दुरुस्तीच्या नांवाखालीं तिचीं पानें कापलीं जाण्याचा प्रसंग एकवार येऊन गेला आहे.

प्रस्तुत लेखक तिरुवनंतपुरम् येथील विद्यापीठाच्या हस्तलिखित ग्रंथालयांत कांहीं तालपत्रें पाहण्याकरितां गेला होता. गणपतिशास्त्री यांनीं १९१२ पासून भासाचीं म्हणून जीं नाटकें प्रसिद्ध केलीं, त्यांमुळें ह्या नगराचें नांव संस्कृतज्ञांस सुपरिचित आहेच. तेथून वर्कल्यास जाण्याचा योग आला तो आषाढ महिन्यांत, ऐन पावसांत. ही वेळ प्रवासास वाईट, परंतु कड्याचें दुखणें समजण्यास उत्तम ठरली.

प्रथम नांवाविषयीं. स्थानिक माहात्म्याप्रमाणें नारदानें आपलें वल्कल फेंकलें, तें जेथें पडलें तें वर्कला. आणि ज्यांच्या हातून पाप घडलें होतें त्यांनीं येथें जनार्दनाची आराधना करून तें क्षालन केलें, म्हणून पुळणीचें नांव पापनाशम्. लकाराचा रकार होणें संस्कृतज्ञांस नवें नाहीं. तथापि अशा व्युत्पत्ति बहुधा नांव रूढ झाल्यानंतर पंडितांनीं बसविलेल्या असतात. द्राविड ग्रामनामांस संस्कृत वस्त्र नेसविण्याची हौस सर्व दक्षिणेंत दिसून येते. येथें तें वस्त्र शब्दशः नेसविलें आहे, एवढाच काय तो विशेष. असो.

जनार्दनस्वामीचें देवालय टेकडीवर असून पितृतर्पणाचा विधि खालीं पुळणीवर होतो. त्याचा मुख्य दिवस म्हणजे कर्कटक महिन्याची अमावास्या. केरळाची कालगणना सौर असल्यामुळें नांव निराळें. आपल्या गणनेनें ही बहुतकरून आषाढी अमावास्याच होय. त्या दिवशीं आपल्याकडे दिवे घासून पुजतात; तेथें हजारों लोक पहाटेपासून ओलेत्यानें पितरांस तिलोदक देतात. ही तिथि वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील विवेचनाचा सर्व भर तिच्यावर आहे.

आतां कड्याच्या रचनेकडे वळूं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणांतील विल्यम किंग यांनीं १८८२ सालीं त्रावणकोर संस्थानाच्या भूरचनेचें वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून ह्या थरांस वर्कला गांवाचेंच नांव शास्त्रांत रूढ झालें आहे. थरांचा क्रम स्थूलमानानें असा : खालच्या अंगास काळसर चिकणमाती, तींत कुजलेल्या वनस्पतींचे अवशेष व लिग्नाइट नांवाच्या कच्च्या कोळशाचे पट्टे, त्यावर पांढऱ्या, पिवळ्या, तांबूस रंगांच्या ठिसूळ वालुकाश्मांचे व चिकणमातीचे थर, आणि सर्वांवर जांभ्याचें आवरण. ह्यांचा काल मायोसीन ते प्लायोसीन, म्हणजे कित्येक दशलक्ष वर्षांपूर्वीचा, असा धरितात. हे थर दक्षिण केरळांत अन्यत्रही भूमीखालीं आहेत; पण समुद्राकांठीं असे लांबच लांब, उघडे व वाचतां येतील असे येथेंच आहेत.

जांभ्याविषयीं कोंकणांतील वाचकांस सांगणें नलगे. खाणींतून काढतांना तो कुऱ्हाडीनें तासतां येतो व हवेंत राहिला म्हणजे कठीण होतो. हा गुण पाहूनच फ्रान्सिस बुकॅनन यानें केरळांतीलच अंगाडिपुरम् येथील दगडाच्या वर्णनांत विटेच्या लॅटिन नांवावरून त्यास नवें नांव दिलें. तें वर्णन १८०७ सालीं छापून निघालें. परंतु कठीण झाला तरी जांभा सच्छिद्रच राहतो. पावसाचें पाणी त्याच्या पोकळ्यांतून सरळ खालीं उतरतें, आणि येथेंच कड्याच्या दुःखाचें मूळ आहे.

लोकांची समजूत अशी कीं, कडा समुद्र खातो. ही समजूत खोटी नव्हे, पण अर्धीच खरी आहे. जांभ्यांतून उतरलेलें पाणी वालुकाश्मांत शिरतें. तेथून खालीं जातां जातां चिकणमातीच्या थराशीं अडतें, कारण त्या थरांतून पाणी जाऊं शकत नाहीं. मग तें आडवें वाहत कड्याच्या तोंडाशीं झऱ्यांच्या रूपानें बाहेर पडतें. ह्या झऱ्यांचें पाणी भाविक लोक तीर्थ मानितात. पण तेंच पाणी बाहेर येतांना वालुकाश्माचे कण आपल्यासंगें आणतें व चिकणमातीस लोण्यासारखी मऊ करितें. खालचा आधार असा पोखरला कीं वरचा जांभा छपराच्या वळचणीसारखा पुढें आलेला राहतो. त्यांत उभ्या भेगा पडतात, आणि एके दिवशीं मोठमोठे चिरे खालीं येतात. समुद्राचें काम त्यानंतरचें. पडलेली दरड लाटा धुवून नेतात, पायथा पुन्हां उघडा होतो, आणि तोच क्रम पुन्हां सुरूं होतो. दरड जोंवर पायथ्याशीं पडून असते तोंवर ती कड्यास टेंकूच देते; म्हणून पुळण स्वच्छ दिसावी एवढ्याचकरितां ती उचलून नेणें म्हणजे समुद्राचें काम आपण करून देणें होय.

ह्या नैसर्गिक क्रमास गेल्या कांहीं दशकांत मनुष्यानें मोठा हातभार लावला आहे. कड्याच्या उत्तर भागीं अगदीं कांठाला लागून उपाहारगृहें, दुकानें व निवासगृहें दाटीनें उभीं आहेत. त्यांचें वजन ही गौण गोष्ट. त्यांचें सांडपाणी जेथें शोषखड्ड्यांत सोडलें जातें तेथें तें जांभ्यांत मुरतें, आणि मग कड्यास पावसाळा बारमाही होतो.

येथें मराठी वाचकांस जवळची अशी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. त्रावणकोरचे दिवाण सर टी. माधवराव हे कुंभकोणम् येथें १८२८ सालीं जन्मलेले, तंजावरकडील मराठी देशस्थ घराण्यांतील गृहस्थ. त्यांचे चुलते व वडील हेही त्रावणकोरचे दिवाण होते. पुढें इंदूर व बडोदें येथील कारभारामुळें माधवराव आपल्या इकडेही प्रसिद्ध झाले. त्यांच्या त्रावणकोरांतील कारकीर्दींत, जी १८७२ सालीं संपली, किनाऱ्यालगतच्या जलमार्गाचें मोठें काम सुरूं झालें. त्या मार्गांत वर्कल्याची टेकडी आडवी येत होती. तिच्या पोटांतून दोन बोगदे खणण्यांत आले, एक सुमारें २८० मीटरांचा व दुसरा सुमारें ७२० मीटरांचा. १८८० सालीं तें काम पुरें झालें. पुढें वाहतूक बंद पडून ते गाळानें भरले. ह्या टेकडींत हात घालणें किती नाजूक, ह्याचा अनुभव त्या कामावरील लोकांस खात्रीनें आला असला पाहिजे, आणि तो कोठें तरी लिहिलेला असला पाहिजे.

आतां मुख्य मुद्दा. २०२४ सालच्या जून महिन्यांत, दरड कोसळून तर्पणाच्या मंडपास व तेथें येणाऱ्यांस धोका पोंचेल ह्या भीतीनें, जिल्हा प्रशासनानें मंडपाजवळील कड्याचा कांहीं भाग यंत्रानें पाडला. भूवैज्ञानिक सर्वेक्षणानें ह्या कड्यास राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून मान्यता दिलेली असल्यामुळें त्याजकडून हरकत घेण्यांत आली. दोन्ही पक्षांची बाजू समजण्यासारखी आहे. अमावास्या तोंडावर आली होती, आणि माणसें दरडीखालीं सांपडण्यापेक्षां कडा तुटलेला बरा, ह्याविषयीं दुमत होणार नाहीं. परंतु उपाय रोगास लागू पडतो कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे.

एक स्वतःचा अनुभव सांगतों. सुमारें तीस वर्षांपूर्वीं मजजवळ एक जीर्ण पोथी होती. तिच्या कडा वाळवीनें खाल्लेल्या. ती मीं एका बांधणाऱ्याकडे दिली. त्यानें मोठ्या कळकळीनें चारी बाजू सरळ छाटून, पुठ्ठा घालून, सुंदर करून आणली. समासांत एका जुन्या वाचकानें बारीक अक्षरांत पाठभेद लिहिले होते. ते सर्व छाटणांत गेले. वाळवी मात्र पुठ्ठ्याच्या खळीवर पोसली आणि दोन वर्षांत पुन्हां दिसली. कडा छाटणें व वाळवी घालविणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत, हें मला त्या दिवशीं कळलें, पण पोथी गेल्यावर.

वर्कल्याच्या कड्यास वाळवी म्हणजे पाणी. माथा छाटल्यानें कांहीं काळ भार कमी होतो; पण जांभ्याचें कठीण कवच निघून खालचा ठिसूळ वालुकाश्म उघडा पडतो आणि पावसास नवी वाट मिळते. शिवाय थरांचें जें वाचन भूवैज्ञानिक करितात, तें त्या जागीं कायमचें नष्ट होतें. म्हणून दुरुस्तीचा आरंभ वरून व मागून झाला पाहिजे. माथ्यावर, कांठापासून बरेंच आंत, पक्कें गटार बांधून पावसाचें पाणी जमिनीच्या उताराकडे वळवावें. तें कड्यावरून खालीं सोडूं नये. शोषखड्डे बंद करून सांडपाणी नळांनीं दूर न्यावें. जेथें झरे जोराचे आहेत तेथें कड्याच्या पोटांत, आंतल्या बाजूस किंचित् वर चढत जाणाऱ्या सच्छिद्र नळ्या बसवितात. त्यांतून पाणी येतें पण वाळूचे कण येत नाहींत. ही युक्ति डोंगरी रस्त्यांवर सर्वत्र प्रचारांत आहे. खर्च आहे, पण कडा पाडून ढिगारा वाहण्यासही खर्च येतोच.

पायथ्याशीं दगडांचा बांध घालावा, असें पुष्कळांस वाटतें. केरळाच्या किनाऱ्यावर असे बांध मैलोगणती आहेत. त्यांचा दोष असा कीं, उभ्या बांधावर आपटून परतणारी लाट समोरची वाळू ओढून नेते. बांध राहतो, पुळण जाते. पापनाशमास पुळण गेली तर क्षेत्रच गेलें. वाळूचा रुंद पट्टा हाच कड्याचा खरा तट, हें लक्षांत घेऊन वाळूचा उपसा न होऊं देणें व पडलेली दरड जागच्या जागीं राहूं देणें, एवढें केलें तरी पुष्कळ होईल. ढासळलेल्या उतारावर गवत धरवावें. वाळ्याचीं मुळें दोन-तीन मीटरपर्यंत सरळ खोल जातात व माती बांधून ठेवितात. अगदीं कांठाशीं मोठीं झाडें मात्र लावूं नयेत. वाऱ्यानें तीं हलतात आणि त्यांचीं मुळें जांभ्याच्या भेगा रुंदावतात.

वाटेविषयीं थोडें अधिक लिहितों, कारण तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलें जातें. माथ्याची वाट कांठाला लागून जाते ती देखाव्याकरितां. दरवर्षीं कांठ मागें सरतो, आणि वाट व घरें ह्यांमधील जागा अरुंद होत जाते. कठड्याचे खांब रोंवण्याकरितां कांठाशींच खड्डे खणणें म्हणजे पाण्यास दारें उघडून देणें होय. वाट आंत घ्यावी, तिचा उतार समुद्राच्या उलट दिशेस ठेवावा, आणि देखाव्याकरितां कड्याच्या भक्कम भागीं मोजकीं ठिकाणें राखावीं. कांठाला समांतर अशी नवी भेग दिसली कीं तेवढा भाग त्याच दिवशीं बंद करावा. भेगेच्या दोन्ही बाजूंस खुंट्या मारून त्यांमधील अंतर आठवड्यास मोजणें हें काम शाळेंतील मुलेंही करूं शकतील. अर्थात् वाट आंत घेण्यास घरें मागें हटलीं पाहिजेत, आणि सर्व अडचण तेथेंच आहे.

खालची वाट अधिक बिकट. पावसाळ्यांत लाटा वाळू ओढून नेतात व पुळण अरुंद होते. पाऊस ओसरल्यावर ती पुन्हां भरते. म्हणजे आषाढी अमावास्येस तीन गोष्टी एकत्र येतात : पुळण अत्यंत अरुंद, कडा अत्यंत ओला, आणि गर्दी अत्यंत मोठी. समुद्र पुढून रेटतो म्हणून लोक मागें सरतात, ते नेमके दरडीच्या खालीं. तर्पणास पाणी, तीळ व दर्भ लागतात. कड्याचा पायथा लागतो असें कोठेंही सांगितलेलें नाहीं. जनार्दनाच्या सान्निध्यांतच, पण दरडीच्या टप्प्याबाहेर, विधीची जागा आंखून द्यावी, आणि कड्याखालून कड्याच्या उंचीइतकें तरी अंतर मोकळें ठेवावें. हें करण्यास यंत्र लागत नाहीं. पुरोहितमंडळींचें मन वळवावें लागतें, व तें काम शास्त्र जाणणाऱ्यांचें आहे.

२०२५ सालीं भारतानें युनेस्कोच्या तात्पुरत्या यादींत जीं नैसर्गिक स्थळें घातलीं, त्यांत वर्कल्याचा कडा आहे, आणि त्याच यादींत आपल्याकडील पांचगणी-महाबळेश्वरचे पाषाणस्तरही आहेत. यादीनें कडा थांबत नाहीं. पण कांठ किती वेगानें मागें सरतो हें ठरविण्यास जुन्या काळीं तो कोठें होता हें समजलें पाहिजे, आणि तें सांगणारे कागद आपल्यासारख्या संग्राहकांच्याच हातीं असण्याचा संभव आहे. दिनांक घातलेलीं छायाचित्रें, यात्रेकरूंचीं टिपणें, जलमार्गाच्या कामाचे नकाशे, माधवरावांच्या घराण्याशीं संबंध असलेल्यांचीं मोडी अथवा इंग्रजी पत्रें ह्यांपैकीं ज्यांत देवालय, झरे किंवा कड्याचा कांठ ह्यांचें अंतर किंवा चित्र असेल, अशीं ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं त्यांची नक्कल, दिनांकासह व कडा न छाटतां, मंडळाकडे पाठवावी.