चिमट्यात न येणारी तार

मुलांनो, कोरड्या केसांवरून प्लॅस्टिकचा कंगवा आठ-दहा वेळा फिरवा आणि कागदाच्या बारीक कपट्यांजवळ न्या. कपटे टुणकन उडी मारून कंगव्याला चिकटतात. (पावसाळ्यात मात्र करू नका. जुलैमध्ये मी वर्गात करायला गेलो आणि पार फजिती झाली! दमट हवेत कंगव्यावर वीज टिकतच नाही.)

गंमत अशी, की कपट्याला आपण वीज दिलेलीच नसते. पण कंगवा जवळ आला की कपट्याच्या अलीकडच्या बाजूला कंगव्याच्या विरुद्ध वीज गोळा होते, पलीकडे कंगव्यासारखीच. अलीकडची ओढ जास्त, म्हणून कपटा उडतो.

हीच युक्ती नॅनोतारांना लागू पडते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपला केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, आणि या तारा जेमतेम काहीशे नॅनोमीटर! अशी तार चिमट्यात धरणार कशी? आणि बसवायच्या असतात हजारो.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली तारा धरण्याचा नादच सोडला. त्यांनी सोन्याच्या तारा द्रवात मिसळल्या आणि तो द्रव चिपवर सोडला. चिपवर धातूच्या पट्ट्या होत्या, मध्ये बारीक फट. पट्ट्यांना एसी वीज जोडताच तरंगणाऱ्या तारा वळल्या, फटीकडे सरकल्या आणि तिच्यावर पुलासारख्या आडव्या बसल्या.

हे सांगितलं तेव्हा चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "गुरुजी, एसी वीज तर सारखी उलटते. मग तार परत ढकलली नाही जाणार?" फार चांगला प्रश्न! पट्टीवरची वीज उलटली की तारेच्या टोकांवरची वीजही उलटते. दोघी एकदमच बदलतात, म्हणून ओढ ती ओढच राहते. शिवाय एक तार बसली की तिथली ओढ कमी होते. दुसरी सहसा तिथे घुसत नाही, शेजारची मोकळी जागा धरते.

पण हा खटाटोप कशासाठी? रोगजंतू ओळखणाऱ्या इवल्याशा संवेदकांसाठी. तारेवर डीएनएचा धागा लावला, तर तो आपल्या जोडीदार धाग्यालाच धरतो. जंतूचा डीएनए आला की सापडलाच! अडचण एकच. चिप बनवताना लागणारी उष्णता आणि रसायनं तो नाजूक धागा सोसणार नाही. म्हणून त्याच विद्यापीठातल्या गटानं २००९ साली तारांना आधीच वेगवेगळे धागे लावले. मग एकेका गटाच्या तारा सोडायच्या आणि चिपच्या तेवढ्याच भागात वीज चालू करायची, म्हणजे हजेरी घेऊन मुलांना आपापल्या बाकावर बसवावं तसं! जागेवर बसल्यावरही ते धागे आपला जोडीदार बरोबर ओळखत होते.

तरी काही जागा रिकाम्या राहतात, कुठे दोन तारा एकाच जागी दाटीवाटीनं बसतात. आमच्या चौथीच्या वर्गात तरी याहून वेगळं काय होतं?