घरगुती टेक्स-मेक्स रेस्टॉरंट उपनगरात शाखा कशी काढतं

टेक्ससमध्ये एकाच कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या चालवलेली मेक्सिकन रेस्टॉरंटं बरीच आहेत. जुन्या वस्तीतली जागा नीट चालली की पुढच्या पिढीला उपनगरात दुसरी काढावीशी वाटते. त्यासाठी पैसा लागतोच, पण तो बँक देते. खरी टंचाई असते घरच्या माणसांची. आई स्वयंपाकघरात आणि मुलगा गल्ल्यावर ही व्यवस्था एकाच छपराखाली चालते. शाखा उघडताना करावं लागणारं बरंचसं काम ही उणीव भरून काढण्यासाठीच असतं.

ताटात काय असतं

टेक्ससमधल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांचं घरचं जेवण आणि तिथे सहज मिळणारा अमेरिकन माल यांतून टेक्स-मेक्स घडलं. मैद्याचे टॉर्टिया (पातळ पोळ्या), भरपूर गोमांस, वितळणारं पिवळं चीज आणि सढळ हाताने घातलेलं जिरं ही त्याची ओळख. एन्चिलाडावर, म्हणजे सारण भरून गुंडाळलेल्या टॉर्टियावर, ओततात ती ‘चिली ग्रेव्ही’ मैदा तुपा-तेलात किंवा चरबीत परतून, त्यात मिरचीपूड, जिरं आणि लसूण घालून करतात. पाहुणा बसताच मक्याचे चिप्स आणि साल्सा समोर येतात, बहुतेक ठिकाणी फुकट. सोबत भात आणि घोटलेल्या राजम्यासारख्या बिया. मेक्सिकोच्या अंतर्भागातलं जेवण यापेक्षा बरंच वेगळं असतं.

उपनगरच का

गिऱ्हाईक तिकडे गेलं, म्हणून. डॅलसच्या उत्तरेला असलेल्या फ्रिस्कोची लोकसंख्या 2000 च्या जनगणनेत सुमारे 34 हजार होती. 2020 मध्ये ती 2 लाखांवर गेली. नव्या वसाहती, शाळा आणि कंपन्यांची कार्यालयं यांच्यामागून खाणावळी येतात. फ्रिस्को, प्लेनो, अर्विंग आणि ह्यूस्टनजवळचं शुगर लँड इथे भारतीय वस्ती मोठी आहे. तिथल्या मराठी कुटुंबांनाही शुक्रवारी संध्याकाळी बाहेर जेवायचं तर टेक्स-मेक्स हा जवळचा पर्याय असतो.

जागा आणि भाडं

उपनगरात जागा बहुधा स्ट्रिप मॉलमध्ये घेतात. पुढे गाड्या लावायला मोकळं पटांगण आणि मागे दुकानांची एकच लांब रांग. या रांगेतला कोपऱ्याचा गाळा सगळ्यांना हवा असतो, कारण बाजूला अंगण काढून तिथे टेबलं मांडता येतात.

आधी रेस्टॉरंटच असलेला गाळा मिळाला तर मोठा खर्च वाचतो. धूर ओढणारी चिमणी, आग विझवण्याची यंत्रणा आणि सांडपाण्यातलं तेल अडवणारा ग्रीस ट्रॅप या तिन्ही गोष्टी नव्याने बसवणं महाग पडतं आणि प्रत्येकीला शहराच्या निरीक्षकाची मंजुरी लागते. शिवाय अशा जागांचं भाडं पुष्कळदा ‘ट्रिपल नेट’ पद्धतीचं असतं. म्हणजे भाड्याखेरीज मालमत्ता कर, विमा आणि आवाराची देखभाल यांचा वाटाही भाडेकरूच भरतो. नुसता भाड्याचा आकडा पाहून सही करणारा फसतो.

मार्गारिटाचा हिशोब

टेक्ससमध्ये रेस्टॉरंटात पेल्याने मद्य विकायला परवानगी मिळाली ती 1971 मध्ये. त्याच वर्षी डॅलसच्या मारियानो मार्टिनेझ यांनी आइसक्रीमचं यंत्र बदलून त्यातून गोठवलेली मार्गारिटा, म्हणजे टकीलाचं कॉकटेल, काढली. ते यंत्र आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तेव्हापासून टेक्स-मेक्सचा नफा मोठ्या प्रमाणात पेल्यावर अवलंबून राहिला.

मात्र मद्यविक्रीला मुभा द्यायची की नाही, हे राज्यात गावोगावचे मतदार ठरवतात. काही भागांत वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाला आधी ‘क्लब’चा सभासद व्हावं लागे, मग पेला मिळे. आजही आधी परवाना नसलेल्या जागेत पेल्याने मद्य विकायचं तर दर्शनी भागी 60 दिवस तशी पाटी लावावी लागते. या विक्रीवर मालकाला 6.7 टक्के आणि गिऱ्हाइकाला 8.25 टक्के कर पडतो. म्हणून शहाणा मालक परवान्याची तारीख आधी पक्की करतो आणि उद्घाटनाचा मुहूर्त नंतर काढतो.

चव कशी नेतात

जुन्या स्वयंपाकघरात मापं हातात आणि डोळ्यात असतात. शाखेसाठी ती वजनावर आणावी लागतात: मिरची किती ग्रॅम, मैदा किती वेळ परतायचा, साल्सात मीठ कधी घालायचं. ग्रेव्ही, साल्सा, मुरवणाचा मसाला असे पदार्थ काही कुटुंबं एकाच ठिकाणी करून रोज गाडीने शाखांना पाठवतात. टॉर्टिया मात्र ताजेच हवेत. ते लाटणाऱ्या बायका गिऱ्हाइकाला दिसतील अशा जागी बसवण्याची रीत आहे.

माणसं तयार करायला तर आणखी वेळ लागतो. जुन्या जागेतला मुख्य स्वयंपाकी नव्या जागी पाठवला की जुनी जागा उघडी पडते. वाढप्यांना मालकाकडून तासाला किमान 2.13 डॉलर मिळतात, बाकी कमाई टिपांवर. टिपा धरून तासाला 7.25 डॉलरचं किमान वेतन भरलं नाही, तर फरक मालकाने द्यायचा. साहजिकच नव्या शाखेत गर्दी जमेना झाली की चांगले वाढपी आधी जातात.

तीन कुटुंबं, तीन वाटा

ह्यूस्टनच्या निन्फा लॉरेन्झो यांचे पती 1969 मध्ये वारले. चालवायला टॉर्टियाचा कारखाना आणि वाढवायला पाच मुलं. 1973 मध्ये त्यांनी कारखान्याच्या पुढच्या भागात 10 टेबलं मांडली. फहिता, म्हणजे टॉर्टियासोबत खायच्या भाजलेल्या मांसाच्या पट्ट्या, लोकप्रिय करण्यात त्यांचा मोठा वाटा मानतात. शाखा भराभर वाढल्या, कर्जही वाढलं, आणि 1990 च्या दशकात दिवाळखोरीनंतर कंपनी कुटुंबाच्या हातातून गेली. पुढे त्यांच्या मुलाने एल तिएम्पो नावाने नव्याने सुरुवात केली.

फोर्ट वर्थच्या जो टी. गार्सियाज्‌ने 1935 मध्ये 16 जणांच्या जागेपासून सुरुवात केली. शाखा काढण्याऐवजी ते आजूबाजूची जागा घेत पसरले. आता तिथे एका वेळी हजाराहून अधिक लोक जेवतात.

डॅलसचं एल फेनिक्स 1918 चं. मार्टिनेझ कुटुंबाने शाखा काढत ते 90 वर्षं चालवलं आणि 2008 मध्ये विकलं.

एक वाट बरोबर आणि दुसरी चूक असं यात नाही. लॉरेन्झोंच्या शाखा घरच्या माणसांपेक्षा जास्त झाल्या, गार्सियांनी ती वेळच येऊ दिली नाही.

गिऱ्हाइकाने काय पाहावं

नवी शाखा उघडल्यावर पहिले काही आठवडे मालक कुटुंब झाडून हजर असतं, तेव्हा तिथली चव पारखू नये. चार-सहा महिन्यांनी, आडवारी जावं. चिप्स गरम आहेत का, साल्सा जुन्या जागेसारखाच लागतो का, एवढ्यावरून पुष्कळ कळतं. शाकाहाऱ्यांनी दोन प्रश्न जरूर विचारावेत: बिया डुकराच्या चरबीत परतल्या आहेत का आणि भात कोंबडीच्या रश्शात शिजवला आहे का. वाढप्याला आत न जाता उत्तर देता आलं, तर शाखेत माणसं नीट तयार केली आहेत असं समजायला हरकत नाही.