पायथन बसवले, पण संगणक ओळखेना

सीबीएसईच्या अकरावी-बारावीत संगणकशास्त्र घेतले की पायथन शिकावेच लागते. पुढे आयटी, इंजिनिअरिंगलाही ते भेटतेच. त्यामुळे आमच्याकडे अम्मी-अब्बांची एक तक्रार वरचेवर येते : कॉलेजच्या लॅबमध्ये चालते ते घरच्या संगणकावर चालत नाही. मुलगी दोन संध्याकाळ झटते, मग "मला हे जमायचे नाही" म्हणून वही मिटते. कुणी संगणक उचलून दुकानात नेतात आणि 'सॉफ्टवेअर टाकण्याचे' पैसे मोजून येतात. वास्तविक पायथन फुकट मिळते, आणि घोडे अडते ते बहुधा एकाच ठिकाणी. मुलीच्या डोक्याचा त्यात काही दोष नसतो.

पायथन ही भाषा गुइदो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी तयार केली. ती १९९१ मध्ये लोकांसमोर आली. नावाचा अजगराशी संबंध नाही. माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळीवरून ते घेतलेले आहे. लिनक्सवर ती बहुतेक वेळा आधीपासूनच असते (तिथली काढून मात्र टाकू नये, सिस्टीमची स्वतःची कामे तिच्यावर चालतात). विंडोजवर आपल्यालाच बसवावी लागते.

आधी घरात कोणती विंडोज आहे ते पाहा. जुना, हातबदल झालेला संगणक असेल आणि त्यावर विंडोज ७ असेल तर नवे पायथन बसणारच नाही. तिथे ३.८ ही शेवटची आवृत्ती. तिची तयार फाइल ३.८.१० या क्रमांकाची. विंडोज ८.१ वर ३.१२ पर्यंत जाता येते. ३.८ ला आता सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, पण अकरावीचा अभ्यास तिच्यावर निभतो. फाइल पायथन डॉट ऑर्ग या संकेतस्थळावरूनच घ्यावी. शेजारच्या मुलाच्या पेनड्राइव्हवरची नको, ती कुठून आली ते त्यालाही ठाऊक नसते.

फाइल उघडली की समोर 'इन्स्टॉल नाऊ' असे ठळक दिसते आणि मुले घाईने तेच दाबतात. इथेच थांबायचे. खिडकीच्या तळाशी दोन छोटे चौकोन असतात. वरचा ॲडमिनच्या परवानगीचा. संगणकाचा पासवर्ड अब्बांकडे असेल आणि ते कामावर असतील, तर तेथील खूण काढावी. पायथन फक्त त्या मुलीच्या खात्यात बसते, पासवर्ड लागत नाही. (भावाचे खाते वेगळे असेल तर त्याला त्याच्या खात्यात पुन्हा बसवावे लागेल.) खालचा चौकोन 'पाथ'चा. तो आपोआप भरलेला नसतो. तो भरायचा राहिला की पुढचे सगळे रामायण घडते.

हा पाथ म्हणजे काय? सोसायटीत नवा भाडेकरू राहायला आला, सामान लागले, चूल पेटली. पण वॉचमनच्या वहीत त्याचे नाव चढले नाही. पाहुणा आला की वॉचमन सांगणार, असे इथे कुणी राहत नाही. पाथ ही विंडोजची वही. काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, 'पायथन' लिहिले की विंडोज त्या वहीतले पत्ते एकेक करून, वरून खाली तपासते. नाव नसेल तर म्हणते, हा हुकूम माझ्या ओळखीचा नाही. पायथन घरात असते, तरीही.

इन्स्टॉलरची फाइल पुन्हा उघडून 'मॉडिफाय'मधूनही हे दुरुस्त होते. पण एकदा हाताने करावे असे आमचे मत आहे. एरवी मुलीला वही दिसतच नाही. स्टार्टमध्ये 'एन्व्हायर्नमेंट' टाइप करावे. आपल्या खात्याचे 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स' उघडून 'पाथ' निवडावा, 'एडिट' करावा, 'न्यू' दाबून पायथनच्या फोल्डरचा पत्ता घालावा. पुन्हा 'न्यू' दाबून त्याच्याच आतल्या 'स्क्रिप्ट्स' फोल्डरचा घालावा. नवी साधने आणणारा 'पिप' तिथे राहतो. पायथनचे फोल्डर आपल्या नावाच्या फोल्डरात, 'ॲपडेटा', 'लोकल', 'प्रोग्राम्स' अशा वाटेने सापडते. 'ॲपडेटा' लपवलेले असते, तेव्हा 'व्ह्यू'मध्ये लपलेल्या वस्तू दाखवायला सांगावे. जुन्या ओळी पुसू नयेत, त्या इतर प्रोग्रामांच्या आहेत. ओके करत बाहेर यावे आणि काळी खिडकी बंद करून नव्याने उघडावी. उघडी असलेली खिडकी जुनीच वही वाचत बसते. कितीतरी मुले इथे हताश होतात.

विंडोज १० आणि ११ वर आणखी एक गंमत होते. 'पायथन' लिहिले की मायक्रोसॉफ्टचे दुकानच उघडते, कारण त्या नावाची एक पाटी विंडोजने आधीच लावून ठेवलेली असते. सेटिंग्जमध्ये 'ॲप एक्झिक्युशन अलायसेस' शोधून तिथली पायथनची दोन्ही बटणे बंद करावीत.

आणि उद्या सकाळी प्रॅक्टिकल असेल, रात्रीचे अकरा वाजले असतील, तर वहीचे राहू द्या. स्टार्टमध्ये 'आयडल' शोधा. ते पायथनबरोबरच बसते, त्याला पाथ लागत नाही. अभ्यास तिथे सुरू करता येतो.