खाडीकाठचा पिलू

वसईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी खाडीकाठची आणि मिठागरांलगतची जमीन झाडांच्या लेखी कोरडीच असते. मातीत मीठ इतके असते की मुळांना पाणी ओढणे जड जाते. म्हणूनच राजस्थान, कच्छ आणि अरबस्तानच्या रखरखाटात वाढणारा पिलू कोकण किनाऱ्यावर, कांदळवनाच्या मागच्या पट्ट्यातही तग धरतो. याच झाडाची दात घासायची काडी मिस्वाक म्हणून विकली जाते.

अशी झाडे ताण सोसताना अँटिऑक्सिडंट साठवतात, म्हणून ती खाल्ल्याने कर्करोग, मधुमेह टळतो, असे सर्रास सांगतात. पहिले विधान बरोबर आहे. दुसरे त्यातून निघत नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर बीटा-कॅरोटीन आणि ई-जीवनसत्त्व या अँटिऑक्सिडंटांची चाचणी झाली. १९९४ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढलेला दिसला. पिलूची काडी दात-हिरड्या राखते, हा दावा मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण तो तोंडापुरता आहे. तिथे रसायन थेट जंतूंना भिडते. पचनातून आणि रक्तातून विरळ होत पोचावे लागत नाही. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले की पिलूच्या मुळातले बेंझिल आयसोथायोसायनेट हिरड्यांच्या आजाराशी निगडित जंतूंना मारते. मोहरीला तिखटपणा देणारी द्रव्ये याच कुळातली. शिवाय चावून कुंचल्यासारखे झालेले तंतू दातांवरचा थर काढतात.

प्रयोगशाळेत जंतू मरणे वेगळे आणि माणसाचे दात टिकणे वेगळे, हा आक्षेप रास्तच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये, जिथे ही प्रथा रूढ आहे तिथे काडी वापरण्यास प्रोत्साहन दिले. २००० च्या तज्ज्ञ-अहवालाने मात्र आणखी संशोधन हवे असे म्हटले. नीट वापरल्यास काडी ब्रशइतकीच उपयोगी पडल्याचे काही चाचण्यांत दिसले आहे, पण जोराने घासल्यास हिरड्या मागे सरतात, आणि मागच्या दाढा घासायच्या राहूनही जातात. दात किडू नयेत म्हणून फ्लोराइडच्या पेस्टचा पुरावा कितीतरी भक्कम आहे. ती सोडून काडी धरण्यात शहाणपण नाही. पण आपल्याकडे अजून कितीतरी घरांत, विशेषतः बायका, मशेरीने दात घासतात. ती भाजलेली तंबाखूच. तिच्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. त्या बोटावरची मशेरी सुटून हातात काडी आली, तर पिलूच्या कुठल्याही रसायनापेक्षा मोठा रोग टळेल. त्यासाठी खाडीकाठची मुळे मात्र खणू नयेत. मूळ गेले की झाड वाळते, बांधाची मातीही सुटते. घासण्याच्या कामाला कोवळी फांदी पुरते.