पुस्तक उघडे, पण कलम सापडायला हवे : वकिलीच्या बार परीक्षेविषयी



दरवर्षी 31 जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या कुरणात, लांडोर बंगल्यावर, खानदेशातून भीमसैनिक जमतात. 1937 साली बाबासाहेब खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले होते, त्याची ही आठवण. म्हणजे इथे ते आले ते वकील म्हणून. त्यामुळे एलएल.बी. झालेली मुलेमुली भेटली की आम्ही विचारतोच, बार परीक्षेचे काय? उत्तर बहुतेक वेळा तेच: "दादा, पुस्तक नेता येतं. निघून जाईल."

या भरवशावर सनद टांगणीला लागते. पदवीनंतर मिळणारी सनद आधी तात्पुरती असते. बार कौन्सिल ऑफ इंडियाची ऑल इंडिया बार परीक्षा दोन वर्षांत पास व्हावी लागते, नाहीतर वकिली थांबते. 2011 पासून ही परीक्षा सुरू आहे आणि 10 फेब्रुवारी 2023 ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती वैध ठरवली. ती रद्द होईल म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही.

पूर्वी गाईड, नोट्स सगळे नेता येत होते. 2021 पासून फक्त बेअर ॲक्ट चालतो, म्हणजे टीपा नसलेला कायद्याचा मूळ मजकूर. 100 प्रश्न, वेळ मोजका. एका प्रश्नाला साधारण दोन मिनिटे. एवढ्यात पुस्तक शोधायचे, कलम काढायचे, परंतुक वाचायचे. पहिल्यांदाच पुस्तक उघडणाऱ्याला हे जमत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, एवढा दिलासा आहे.

खरी गफलत जुन्या पुस्तकांची होते. 1 जुलै 2024 पासून आयपीसी, सीआरपीसी आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम आले. आपल्या ओळखीचेच उदाहरण घ्या. ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम 18 सांगते, आरोपीला सीआरपीसीच्या कलम 438 चा, म्हणजे अटकपूर्व जामिनाचा, लाभ नाही. आता नव्या संहितेत 438 उघडले तर तिथे पुनरीक्षणासाठी खालच्या कोर्टाचे कागद मागवण्याची तरतूद दिसते. अटकपूर्व जामीन गेला 482 मध्ये. आणि जुने 482, म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, ते गेले 528 मध्ये. मग ॲट्रॉसिटीतला तो अडसर संपला का? नाही. जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम 8 मुळे जुन्या कलमाचा उल्लेख नव्या कलमाला लागू होतो. हे ज्याला माहीत आहे तोच पुस्तकातून उत्तर काढेल, बाकीचे पाने उलटत बसतील.

कुठून सुरुवात करावी? अभ्यासक्रमात 19 विषय आहेत, पण संविधान 10, नागरिक सुरक्षा संहिता 10, दिवाणी प्रक्रिया संहिता 10, न्याय संहिता 8 आणि साक्ष्य अधिनियम 8, असे पाच पुस्तकांवरच 46 प्रश्न येतात. अनुसूचित जातीसाठी पास व्हायला 40 टक्के लागतात, खुल्या आणि ओबीसी गटाला 45. रोज वीस कलमे घड्याळ लावून शोधा. पेपर मराठीतही देता येतो, पण ते फॉर्म भरतानाच निवडावे लागते.

पैशाचेही सांगतो. 30 जुलै 2024 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार सनदेच्या नोंदणीसाठी अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराकडून, मुद्रांक शुल्क सोडून, 125 रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. बार परीक्षेची फी मात्र वेगळी आणि भारी आहे. सवलतीसाठी जातीचा दाखला आधीच काढून ठेवा.

राहिली पुस्तके. भुसावळ, चाळीसगाव, शिरपूरच्या काही विहारांत अभ्यासिका आहेत, तिथे एक संच ठेवला तर सरावाला पुरेल. परीक्षेला मात्र ज्याचा त्याचा संच लागतो, हॉलमध्ये देवाणघेवाण चालत नाही. पास झालेल्यांनी आपला संच पुढच्याला द्यावा. फक्त त्यात पेनाने काही लिहिलेले नसावे.