फत्तेमारी दिशा कशी पालटत असे?

चौथीच्या इतिहासात शिवकालीन गलबते येतात. समुद्र न पाहिलेली आपल्याकडील मुले तेव्हा विचारतात, “गुरुजी, वारा समोरून असला तर जहाज पुढे कसे जाई?” ‘वल्ह्यांनी’ हे उत्तर गलबतापुरते खरे, पण अपुरे आहे.

वाऱ्याच्या थेट तोंडावर शिडाचे जहाज चालत नाही. वारा कधी उजव्या, कधी डाव्या अंगावर घेत ते नागमोडी वाट काढते. कोकणच्या फत्तेमारीचे त्रिकोणी शीड डोलकाठीला टांगलेल्या लांब, तिरप्या काठीस बांधलेले असे. अंग पालटताना नाळ वाऱ्यात घातली, तर शीड उलटे डोलकाठीवर दाबले जाई. जहाज थबके, प्रसंगी डोलकाठीच मोडे. म्हणून तांडेल जहाजाची पाठ वाऱ्याकडे फिरवी. वारा मागून येताच खलाशी शीड सैल सोडीत, तिरपी काठी उभी करीत आणि तिचे खालचे टोक शिडाच्या दोरासह डोलकाठीच्या पुढून पलीकडे नेत. डोलकाठीचे आधारदोरही वाऱ्याच्या नव्या बाजूस बांधावे लागत. एवढ्यात कापलेली थोडी वाट वाया जाई. ती तांडेलाने आधीच हिशेबात धरलेली असे.

फळ्यावरील आकृतीने हे उमगत नाही. उभ्या काठीला तिरपी काडी टांगावी, तिला कागदी त्रिकोण चिकटवावा आणि पंख्याने वारा घालीत ही अदलाबदल मुलांच्याच हातून करवावी.