पाण्याचा जमाखर्च मांडणारे गाव

गावाचा कारभार पाहण्यासाठी निवडून दिलेल्या प्रमुखाला आपल्या देशात निरनिराळी नावे आहेत. महाराष्ट्रात तो सरपंच असतो, उत्तर प्रदेशात प्रधान, तर बिहारात मुखिया. नाव कोणतेही असो, त्याच्याकडून लोकांची अपेक्षा बहुधा एकच असते, ती म्हणजे त्याने तालुक्याच्या गावी खेटे घालावेत आणि गावासाठी काही तरी मंजूर करून आणावे. रस्ता, समाजमंदिर, निदान चार दिव्यांचे खांब तरी. ही अपेक्षा गैर आहे असे कोणी म्हणणार नाही. तथापि ज्या सरपंचाची हकीकत येथे सांगावयाची आहे, त्याच्या कामाचा सर्वांत अवघड भाग वेगळाच होता. ज्यांनी त्याला मते दिली, त्यांनाच त्याला सांगावे लागले, की यंदा तुमच्या शेतात अमुक पीक घेऊ नका.

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, हिवरे बाजार नावाचे गाव आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेल्या या गावाची वस्ती सुमारे साडेबाराशे, क्षेत्र सुमारे ९७५ हेक्टर, आणि वर्षाचा पाऊस सरासरीने ४०० मिलिमीटरच्या आसपास. कित्येक वर्षी त्याहूनही कमी. १९७२ च्या दुष्काळाने या गावाचा कणा मोडला. विहिरी आटल्या, डोंगर उघडे पडले, कर्ती माणसे पुण्या-मुंबईकडे मजुरीस गेली आणि मागे दारूचे गुत्ते उरले. सरकारी नोकराची या गावी बदली झाली, तर ती शिक्षाच समजली जाई.

१९८९ साली या गावाने श्री. पोपटराव पवार या तरुणास बिनविरोध सरपंच निवडले. ते वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर पदवीधर आणि क्रिकेटचे चांगले खेळाडू होते. शहरात त्यांना नोकरी मिळण्यास अडचण नव्हती. शेजारच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे श्री. अण्णा हजारे यांनी पाणलोटाचे काम आधीच उभे केले होते, आणि त्याचा धडा समोर होता. पोपटरावांनी प्रारंभी हात घातला तो मात्र शाळेच्या कामाला. आम्हांस यात मोठा शहाणपणा दिसतो. पाण्याच्या कामाचे फळ चार-पाच पावसाळ्यांनी दिसते. शाळेचे लगेच दिसते, आणि त्यासाठी श्रमदानाला नको म्हणणारा बाप विरळा.

पुढे रोजगार हमी योजनेतून व १९९४ पासून आदर्श गाव योजनेतून डोंगरउतारावर समतल चर खोदले गेले, बांध घातले गेले, झाडे लावली गेली. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पाच सूत्रे गावाने स्वीकारली. यांपैकी चराईबंदीविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे. कारण सरकारी अहवालांत ती एका शब्दात संपते, परंतु घराघरांत ती तशी संपत नाही. डोंगर चराईला बंद झाला, की ज्याच्यापाशी शेत आहे तो बांधावरचा कडबा घालील. ज्याच्यापाशी शेत नाही, चार शेळ्याच आहेत, त्याने काय करावे? हिवरे बाजारने जनावर डोंगरावर न सोडता गवत कापून आणण्याची मुभा ठेवली. २००० साली डोंगरावरून सुमारे १०० टन गवत निघाले होते. २००४ साली ते सुमारे ६,००० टनांवर गेले, असे त्या कामाच्या नोंदी सांगतात. गवताबरोबर दूध वाढले. गावाचे रोजचे दूध जेमतेम दीडशे लिटर होते, ते चार हजार लिटरांच्या घरात गेले. तरीही पहिली दोन-तीन वर्षे, डोंगर हिरवा होण्यापूर्वीची, शेळीवाल्या घराने कशी काढली असतील, याचा विचार वाचकांनी आपल्या मनाशी अवश्य करावा. त्या काळात सरपंचाला घरोघर जावे लागते ते यासाठीच.

चर खोदून पाणी मुरले आणि विहिरी भरल्या. येथवरची कथा आपल्या देशात पुष्कळ गावांची आहे, आणि पुढे ती बहुधा एकाच रीतीने बिघडते. विहिरीला पाणी लागले, की ऊस येतो. ऊस आला, की खोल बोअर येते. आणि दहा वर्षांत गाव पुन्हा टँकरची वाट पाहत बसते. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी केली, आणि ऊस व केळी ही पिके घ्यावयाची नाहीत असे ठरविले.

हा निर्णय किती कठीण होता, ते कळण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. उसाला वर्षभरात अंदाजे २,००० मिलिमीटर पाणी लागते असे धरा. एका एकराला ते होते सुमारे ८१ लाख लिटर. स्वयंपाकघरातल्या मापाने सांगावयाचे, तर १५ लिटरांचे सुमारे ५ लाख ४० हजार हंडे. माणशी रोज ५५ लिटर हिशेबाने साडेबाराशे वस्तीच्या गावाला दिवसाकाठी ६८,७५० लिटर पाणी पुरते. म्हणजे एका एकर उसाच्या पाण्यात सारे गाव जवळजवळ चार महिने पिण्या-वापरण्याचे काम भागवील, आणि तीन एकरांत वर्ष निघेल. हे गणित मांडले, की बंदी सोपी वाटते. परंतु ज्या शेतकऱ्याच्या विहिरीत स्वतःच्या कष्टाने आणलेले पाणी डोळ्यांसमोर दिसते आहे, त्याच्या दृष्टीने ते पाणी त्याचे आहे. जमिनीखालच्या पाण्यावर जमीनमालकाचा हक्क आपल्या कायद्यानेही फार पूर्वीपासून मानलेला आहे. महाराष्ट्राने २००९ च्या भूजल अधिनियमाने त्या हक्कावर काही बंधने घातली, ती पुष्कळ नंतर. त्यापूर्वी सरपंचाच्या हाती होती केवळ ग्रामसभा.

म्हणून या गावी पाण्याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेपुढे वाचला जाऊ लागला. पद्धत अशी. गावात पर्जन्यमापक बसविले आहेत आणि काही विहिरी निरीक्षणासाठी ठरविल्या आहेत. पावसाळा संपला, की किती मिलिमीटर पाऊस पडला आणि विहिरींची पातळी कोठे आहे, ते नोंदले जाते. गावाच्या क्षेत्रावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे ९७ कोटी लिटर पाणी जमा झाले. आकडा प्रचंड वाटतो. पण त्यातले पुष्कळसे वाफ होऊन जाते, काही ओढ्याने वाहून जाते, मातीतला ओलावा पिके पितात, आणि विहिरीच्या वाट्याला उरते ते थोडे. त्या उरल्यातून प्रथम माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढतात. पुढचा आषाढ लांबला तर काय, म्हणून काही राखून ठेवतात. मग जे शिल्लक राहील, त्यावरून रब्बीत कोणते पीक किती क्षेत्रावर घ्यावयाचे, ते सभा ठरविते. कमी पावसाच्या वर्षी गव्हासारखे पाणी मागणारे पीक आवरते घ्यावे लागते. वाणसामानाची यादी करताना गृहिणी जे करते, त्याहून हे निराळे नाही. फरक इतकाच, की येथे यादी साऱ्या गावासमोर वाचली जाते आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा खर्च ठाऊक असतो.

पोपटरावांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी कोट्यधीश शेतकऱ्यांचे गाव म्हणून हिवरे बाजारचे वर्णन केले. आम्हांला ते फारसे रुचले नाही. १९९५ साली गावातील १८२ कुटुंबांपैकी १६८ दारिद्र्यरेषेखाली होती, आणि पंधरा-सोळा वर्षांनी अशी तीनच उरली, हा आकडा त्याहून बोलका आहे.

एका गोष्टीचा मात्र उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. एकाच माणसाच्या भोवती इतकी वर्षे गावाचा कारभार फिरला, याविषयी शंका घेणारे आहेत, आणि ती शंका रास्त आहे. सरपंचपद राखीव झाले, तेव्हा पोपटराव उपसरपंच झाले. कारभारावरचा त्यांचा ठसा कायम राहिला. सुमारे तीस वर्षे निवडणुका बिनविरोध होत आल्या. बिनविरोध निवड गावाची एकी दाखविते, की विरोध करण्याचा संकोच, हे बाहेरून पाहणाऱ्यास सांगता येत नाही. जानेवारी २०२१ मध्ये प्रथमच मतदान झाले. विरोधात उमेदवार उभे राहिले, मते मोजली गेली आणि सातही जागा पोपटरावांच्या बाजूच्या उमेदवारांना मिळाल्या. आमच्या मते त्या मतमोजणीची किंमत आधीच्या साऱ्या बिनविरोध निवडींहून अधिक आहे.

आमचे वाचक अनेक प्रांतांत विखुरलेले आहेत, म्हणून एक माहिती शेवटी देतो. डिसेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने अटल भूजल योजना सुरू केली. गुजरात, हरयाणा, कर्नाटक, मध्य प्रदेश, महाराष्ट्र, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या सात राज्यांतील सुमारे आठ हजार ग्रामपंचायती तिच्यासाठी निवडल्या गेल्या, आणि गावाने पाण्याचे अंदाजपत्रक स्वतः तयार करावे ही तिची एक अट होती. बडोदे, इंदूर किंवा बेळगावच्या बाजूस आपले गाव असेल, तर या यादीत ते होते काय, याची पंचायतीत चौकशी करावी. अंदाजपत्रक झाले असेल, तर ते मागून पाहावे. त्यात पावसाचा आकडा बहुधा असेलच. रब्बीत पेरावयाच्या क्षेत्राचा आकडा आहे काय, आणि तो कोणत्या सभेत ठरला, हे विचारावे.